मामांनी बसवलेलं लिनक्स

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तास घेत होते. तास पूर्ण केला, मगच निघाले. दीडेक महिना झाला... रडू अजून आलेलं नाही. भेटायला आलेले म्हणत होते, ‘फटकळ होता, पण मनानं चांगला.’ मला हे पटत नाही. मामा फटकळ होते आणि मनानंही तसेच होते. पण बिघडलेला रेडिओ माझ्यासमोर खोलून त्याचे स्क्रू माझ्या चिमुकल्या हातात देणारेही तेच, म्हणून माझी पंचाईत होते.

कागलकडच्या साखर कारखान्यात ते रस आटवायच्या पॅनवर होते. निवृत्तीनंतर राजारामपुरीतल्या घरी त्यांचा सगळा जीव एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये. त्यावरच मामींची भजनं होती. मामी सुरेख गायच्या. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज कायमचा गेला. उरला तो त्या डिस्कवर, दुसरीकडे कुठंच नाही. गेल्या वर्षी कॉम्प्युटर सुरूच होईना. विंडोज अर्ध्यावर येऊन अडकायचं. विंडोजच्या जागी लिनक्स बसवलं की जुनं मशीनही पळतं, असं मामांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं.

मी म्हणाले, “मामा, आधी डिस्क काढून माझ्याकडं द्या. भजनं उतरवून घेते, मग काय ते करा.”

“मला शिकवतीस व्हय? उभा जलम मशिनीतच गेलाय माझा!”

आधी लिनक्स भरलेल्या पेनड्राइव्हवरून मशीन उठेना. मग कळलं, नेटवरून उतरवलेलं लिनक्स नव्या मशीनसाठीचं होतं. जुन्याचं शोधून उतरवलं, तर पडदा काळाच. मी फोनवरून सांगायचे, मामा शिव्या घालत करायचे, आणि भजनं परत मिळणार म्हणून मामी शेजारी स्टुलावर बसून राहायच्या. शेवटी मशीननं विचारलं, जुन्या विंडोजच्या शेजारी बसवू की सगळी डिस्क पुसून बसवू? तेवढ्यासाठी मात्र मामांनी मला फोन केला नाही. पॅन घासून लख्ख केल्याशिवाय त्यांनी कधी नवा हंगाम धरला नव्हता. त्यांनी पुसून बसवलं. नीट बसावं म्हणून पुन्हा एकदा पुसून बसवलं.

मी धावत गेले. पुसलेलं परत काढायचे सगळे उपाय केले... काही हाती लागलं नाही. मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मामा बशीत चहा ओतत म्हणाले, “गात हुतीस तवा तरी कोण ऐकत हुतं?”

ते मेले म्हणून मी हे माफ करणार नाही.

गेल्या रविवारी मामींनी मेसेज करून बोलावून घेतलं. कॉम्प्युटर झकास चालतोय, हे मान्य करायला हवं. त्यांनी एक फाइल लावली. लिनक्स बसवल्यावर माइक चालतो का बघायला मामांनीच कधीतरी केलेली. “ए, बोल की कायतरी! तोंड शिवलंय व्हय?” मग शांतता, आणि त्या शांततेत बांगड्यांची हलकी किणकिण. मामी तिथंच बसल्या होत्या तर...

मला संताप आला. फाइल पुसायला हात नेला, तो मामींनी धरला. पडद्यावरच्या आवाजाच्या रेघेवर बोट ठेवून त्यांनी दोन बोटांनी कात्रीची खूण केली. मी मामांचं वाक्य कापलं आणि नुसत्या बांगड्यांची वेगळी फाइल करून दिली. ती त्यांनी कान लावून ऐकली, पुन्हा ऐकली. मग माउस माझ्याकडून घेऊन मामांच्या आवाजाची फाइल त्या स्वतः पुसायला निघाल्या. मशीननं विचारलं, नक्की पुसायची?

मामींनी क्षणभरही विचार केला नाही.