शासकीय परिसरातलं स्वतंत्र लेखन

माझ्या मामेबहिणीला लुबाडलं ते बारावीच्या निकालानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराला, लोहाऱ्याच्या बसस्टँडसमोरच्या एका गाळ्यात. लुबाडणारा पुण्याकडच्या एका खाजगी विद्यापीठाचा प्रवेश सल्लागार होता. शेजारच्या खुर्चीत मी बसले होते. हे मीच लिहून टाकते, मागाहून दुसऱ्या कुणी काढायला नको.

बहीण माकणीची. मामा माकणी-लोहारा जीप चालवतात आणि ही मागच्या सीटवर बसून वहीत गोष्टी लिहिते. तिला एकच पाहिजे होतं, लिहायला शिकवणारं कॉलेज. सल्लागारानं गुळगुळीत पुस्तिका उघडली. 'सर्जनशील व व्यावसायिक लेखन, तीन वर्षांची पदवी.' शेवटच्या पानावर 'आमचे यशस्वी विद्यार्थी.' नावं नाहीत, नुसती गावं. त्यात चक्क लोहारा! पुढं लिहिलेलं: 'स्वतंत्र लेखन व्यवसाय, शासकीय परिसर.'

"ताई, आपल्या लोहाऱ्याची लेखिका!" बहिणीनं माझा हात दाबला.

फी वर्षाला एक लाख ऐंशी हजार, राहणं-जेवण वेगळं. जागा धरून ठेवायला आज वीस हजार आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला, म्हणजे टीसी. मामांनी माझ्याकडं बघितलं.

"मूळ द्यायची का गं? तू तर ह्यातच असतीस."

मी ह्यातच असते. कॉलेजांच्या गेटवर पत्रकं वाटते, विद्यार्थ्यांच्या हक्कांवर माईक नसला तरी बोलते. मूळ कागद अडकवून ठेवता येत नाहीत, हा नियम मीच ठळक टाइपात छापून घेतला होता. आणि मी म्हणाले, "द्या मामा, रीतच असते ती." मामांनी वीस हजार आणि टीसी दोन्ही दिलं. त्या शेवटच्या पानानं माझंही डोकं फिरवलं होतं. आपल्या तालुक्याचं नाव छापील दिसलं की आपण असे विरघळतो, आणि हे त्या टाय लावलेल्या सल्लागाराला बरोबर ठाऊक असतं.

पहिल्यांदा करायचं ते मी चार दिवसांनी केलं. तुलना. धाराशिवच्या एका कॉलेजात जाऊन मराठी शिकवणाऱ्या बाईंना गाठलं. तिथली बी. ए.ची वर्षाची फी मामांच्या जीपच्या एका टायरच्या किमतीत बसली असती. ग्रंथालयाला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडं, शिपाई रजेवर. म्हणजे इथंही आरती ओवाळावी असं काही नव्हतं.

"तुमची पोरं पुढं काय करतात?" मी विचारलं.

"निम्मी भरतीसाठी ग्राउंडवर पळतात," बाई म्हणाल्या. "काही जणी शिकवतात. एक जण पेपरात लिहितो, मानधनावर. मान तेवढा मिळतो त्याला."

"आणि लिहायला शिकवता का?"

"अभ्यासक्रमात न्हाय ते. शनिवारी जे मागं थांबतात त्यांच्या वह्या तपासते. लई लाल करते, म्हणून दोनच जण थांबतात." मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला घ्यायचं तर या शनिवारपर्यंत टीसी आण. नंतर प्रवेश बंद."

परतताना लोहाऱ्यात उतरले. झेरॉक्सवाल्याला विचारलं, पुण्याहून लेखनाची पदवी घेऊन आलेली कोण? त्यानं मान न वळवता तहसीलच्या भिंतीकडं बोट केलं. तिथं पत्र्याच्या सावलीत अर्जनवीस बसतात. उत्पन्नाच्या दाखल्याला, वारसनोंदीला, रेशनकार्डाला लोकांचे अर्ज लिहून देतात. एका टेबलामागं एक वयस्कर चाचा, दुसऱ्यामागं माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी एक मुलगी, अर्जांना कोर्ट फीची तिकिटं चिकटवत.

मी पुस्तिकेतलं पान दाखवलं. तिनं वाचलं आणि पोट धरून हसली.

"व्हय, म्याच ती! शासकीय परिसर बघा की, तहसीलची भिंत हाय ना मागं. त्यांचा फोन आलता, ताई सध्या काय करता? म्हणलं, अर्ज लिहिते. तर म्हणले, म्हणजे लेखनच की!"

चाचा तिकडून म्हणाले, "बेटा, ही ज्युनिअर हाय माझी. मी दहावी नापास, ही डिग्रीवाली. अर्ज झकास लिहिती, पन दोन पानी. साहेब दुसरं पान उलटत न्हाईत."

"चाचा, तुमच्याकडं गर्दी जास्त म्हणून किती टोमणे मारता!"

हसता हसता ती थांबली. तिच्या वडलांनी तीन वर्षांच्या फीसाठी घराशेजारचा प्लॉट विकला होता. तिथं काय शिकवलं, असं विचारल्यावर म्हणाली, "स्वतःचा आवाज शोधा म्हणायचे. इथं लोकांना त्यांचा अर्ज पाहिजे असतो." मला त्या पुस्तिकेचे तुकडे करावेसे वाटले. केले नाहीत, पुरावा होता तो.

बहिणीची टीसी परत मिळावी म्हणून त्या मुलीनं तिथंच अर्ज लिहिला. चाचांनी अर्धा खोडून एका पानात बसवला. पैसे दोघांनीही घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी, मामा आणि बहीण गाळ्यावर गेलो.

सल्लागारानं अर्ज वाचलाच नाही. "वीस हजार परत होत नाहीत. टीसी मुख्य कार्यालयात गेलीय, पंधरा दिवस लागतील."

"परवा शनिवार हाय," बहीण म्हणाली. त्या दिवशी गाळ्यात ती एवढंच बोलली.

"मग इकडंच घ्या ना प्रवेश," तो म्हणाला, आणि पुस्तिका पुन्हा तिच्याकडं सरकवली. मामांनी त्याच्या टेबलावर हात आपटला. त्यानं शांतपणे पाण्याची बाटली बाजूला घेतली. अशा हातांची त्याला सवय होती.

शनिवार गेला. टीसी तेविसाव्या दिवशी टपालानं आली. बहिणीचं वर्ष गेलं. मामा मला काही बोलत नाहीत, ती बोलते पण वही दाखवत नाही. तिला नेमकं काय गमवावं लागलं हे मोजायला माझ्याकडं हिशेब नाही, आणि असता तरी त्या गाळेवाल्याला तो मान्य झाला नसता. त्याचा गाळा अजून उघडा आहे. शेवटच्या पानावर आता येरमाळ्याचंही कुणीतरी यशस्वी झालंय म्हणे.

म्हणून तुम्हाला सांगते, तुमच्या घरात बारावीचं लेकरू असेल तर त्या पानावरच्या एका तरी माणसाला आमच्यापुढं आणून बसवा म्हणा. तो काय लिहितो, कुठं बसून लिहितो, ते त्याच्या तोंडून ऐका. तोवर मूळ टीसी हातातून सोडू नका, माझ्यासारखी शहाणी शेजारी बसून 'द्या' म्हणाली तरी. आणि दिली असेल तर हे वाचून झाल्यावर उठा, आजच जा, लेखी मागा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय त्या दारातून हलू नका.