अर्धपोटी पेटी

आमच्या घरात कुणी उपाशी राहिलेलं चालत नाही, आणि याच एका चांगल्या गुणामुळे माझ्या मुलीचा विज्ञानाचा प्रकल्प बुडाला.

मुलगी सायली, नववीत. स्वभावाने माझ्यावर गेलेली. म्हणजे दारावरची बेल वाजली की आम्ही दोघी एकमेकींना पुढे ढकलतो! चार लोकांत बोलायची सवय व्हावी म्हणून तिच्या बाईंनी तिला मुद्दाम प्रदर्शनासाठी निवडलं आणि एरंडाची पानं खाणाऱ्या चाळीस अळ्या हातात दिल्या. (अळ्यांनी बोलायची सवय कशी लागते, हे काही मला कळलं नाही. मी चौथी शिकलेली.)

"आई, ह्यांचे कोष होणार, कोषातून पतंग निघणार, ते अंडी घालणार. आईबाप कशा परिस्थितीत वाढले, त्याचा पिल्लांवर काय परिणाम होतो ते बघायचंय."

"मग?"

"मग वीस अळ्यांना पोटभर, रोज चार पानं. वीस जणींना अर्धपोटी, रोज दोनच. पुढे दोन्हीकडच्या पिल्लांना सारखंच खायला. उपाशी आईची पिल्लं बारीक निघतात का, ते वजन करून बघायचं. पानं फक्त मी टाकणार. कुणी हात लावायचा नाही!"

"बरं," मी म्हटलं. मी सगळ्यालाच बरं म्हणते.

बुटांचे दोन खोके ओट्याखाली आले. एकावर 'पोटभर', एकावर 'अर्धपोटी'. यांचं काम कांजूरमार्गला, तिथल्या नाल्याकाठी एरंड माजलेला. हे येताना पिशवी भरून पानं आणायचे, ती फ्रिजमध्ये मेथीशेजारी.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत बसले होते. पोटभर पेटीतून कुरुम कुरुम आवाज येत होता. अर्धपोटी पेटी गप्प. झाकण उचलून बघितलं, तर वीसच्या वीस जणी तोंडं वर करून बसलेल्या! पंगतीत वाढपी पुढे निघून जावा, तशा. आता सांगा, माणसाने काय करायचं? एक पान टाकलं. एकच! एका पानाने कुठे विज्ञान बुडतं?

पण मग रोजच दुपारी त्यांची तोंडं दिसायला लागली.

एक गोष्ट मात्र मला कळेना. मी घेत होते एक पान, आणि पिशवी रिकामी व्हायची झपाट्याने. हे म्हणायचे, "मी दोन पिशव्या आणत जातो." सासूबाई म्हणायच्या, "अगो, एवढी पाना खाता कोण?" आणि माझ्याकडेच बघायच्या. मी मान खाली घालून मेथी निवडायची.

कोष झाले, पतंग निघाले, अंडी घातली, पिल्लं झाली. सायलीने सोनाराकडच्यासारख्या छोट्या काट्यावर त्यांची वजनं केली आणि ओरडली, "आई! अर्धपोटीवाल्यांची पिल्लं जाड आहेत! सगळीच्या सगळी!"

माझ्या हातातलं लाटणं पडलं.

"म्हणजे उपाशी आईची मुलं जास्त धष्टपुष्ट होतात! हे कुणालाच माहीत नसणार! मी जिल्ह्याला जाणार, बघ तू!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पोरगी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या आवाजात बोलत होती. मी म्हटलं, "बरं."

सायलीने रंगवलेला निकालाचा तक्ता भिंतीवर सुकत लावला होता. समोरच्या लाड वहिनी साखर मागायला आल्या आणि तो वाचून तिथेच थबकल्या. त्यांच्या सुनेला, पूजाला, सातवा महिना.

"अगं बाई! म्हणजे मी उगाच लाडू करून घालतेय?"

"वहिनी, ह्या अळ्या आहेत," मी कशीबशी म्हटलं.

"आई ती आई गं! विज्ञानात लिहिलंय ना? आजपासून पूजाचे लाडू बंद!"

समोरच्या दारातून पूजा किंचाळली, "आई, मी काय पतंग आहे का?"

झालं! म्हणजे आता अर्धपोटी पेट्या दोन झाल्या. मी एरंडाचं पान सोडून लाडवाचा डबा पदराखाली घेऊन समोरच्या दारात चोरासारखी उभी राहायला लागले.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही सगळे शाळेत. लाड वहिनीही आल्या, अभ्यासाला. मी माझ्या नेहमीच्या जागी, खांबामागे. परीक्षक बाईंनी तक्ता वाचला, चष्मा काढला, परत घातला.

"फारच वेगळं आलंय. अर्धपोटी पेटीला रोज किती पानं?"

"दोन," सायली म्हणाली. खणखणीत! पोरगी जन्मात पहिल्यांदा एवढं नीट बोलली आणि तेच खोटं, आणि ते खोटं माझ्यामुळे. तिकडे लाड वहिनी मान डोलावत होत्या. माझा हात आपोआप वर गेला.

"तीन," खांबामागून मी म्हटलं.

सगळे खांबाकडे बघायला लागले. सायलीचं तोंड उघडंच.

"दुपारी एक मी टाकायची. बाई, तिचा दोष नाही. त्या अळ्या बघायच्या माझ्याकडे."

मग खुर्चीवरून सासूबाई खाकरल्या. "चार. सकाळी देवपूजा झाली काय एक मी. उपाशी आवशीचो शाप माका नको!"

"अहो, बघा ना—" मी यांच्याकडे वळले, तर हे छताकडे बघत होते.

"पाच," हे म्हणाले. "कामावरून आल्यावर. आणतो कोण शेवटी?"

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि सायली? तुला यातलं काहीच माहीत नव्हतं?"

सायलीने बुटाच्या टोकाकडे बघितलं. आवाज परत माझ्यासारखा झाला.

"सहा," ती म्हणाली.

बाई इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचा ज्वालामुखी बघणारी माणसं इकडे आली. "आईबापांच्या वागण्याचा मुलांवर परिणाम होतो, हे तर सिद्ध झालं," त्या म्हणाल्या. "फक्त पेटी चुकली."

नंबर नाही आला. पण घरी येताना लाड वहिनींनी मिठाईच्या दुकानासमोर रिक्षा थांबवली आणि पूजासाठी किलोभर डिंकाचे लाडू घेतले.

सायलीने आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीय. नव्या अळ्या, नवी अर्धपोटी पेटी, तिला कुलूप. किल्ली घरात कुणाकडेच ठेवायची नाही म्हणून लाड वहिनींकडे दिलीय. मी कशालाही हात लावत नाही. झाकणाची भोकं तेवढी जरा मोठी केलीत, हवेसाठी. त्यातून गुंडाळलेलं एक पान बरोब्बर आत जातं, हे मला आज दुपारीच कळलं.