पांढरी कलमं

ऑनलाइन मागवलेली ती काच म्हणजे शुद्ध फसवणूक होती, आणि मी आपल्या पायांनी चालत जाऊन फसलो. म्हणे इन्फ्रारेड फिल्टर! दिसायला वेल्डिंगवाल्याच्या काचेसारखा काळाकुट्ट. त्यातून डोळ्यांना काही दिसत नाही. आधी ट्रायपॉडवर कॅमेरा बसवून फोकस करायचा, मग फिल्टर फिरवून लावायचा आणि अर्धा मिनिट श्वास रोखून उभं राहायचं. एवढं करून काय, तर हिरवी पानं पांढरी दिसतात. डोंबल! पण हौसेला मोल नसतं, माझ्या हौसेला अक्कलही नव्हती.

जानेवारीतल्या एका रविवारी काकांच्या आंब्याच्या बागेत गेलो. काका पाय मोडून घरी बसलेले. फवारणी करायला, माकडं हाकायला माणूस नाही, म्हणून यंदा पहिल्यांदाच बाग एका व्यापाऱ्याला कराराने द्यायचं चाललं होतं. त्याने नाही म्हटलं असतं तर आंबा झाडावरच वाया जाणार होता.

"जातोच आहेस तर मोहोर बघून ये हो. खालच्या फांद्या वाकवून बघ," काकांनी बजावलं.

तासभर एकाच कलमाखाली होतो. वाऱ्याने पान हललं की फोटो बिघडायचा आणि मी वाऱ्याला शिव्या घालायचो. घरी येऊन काकांना सांगितलं, "मोहोर? एकदम फस्क्लास!"

मग आठवडाभर कॉम्प्युटरसमोर. लालभडक आलेला फोटो पांढरा करा, त्या भिकार काचेने मधोमध पाडलेला डाग पुसा. पुढच्या रविवारी एकदाचा 'काकांची बाग' म्हणून स्टेटसला टाकला.

सोमवारी सकाळी व्यापारी मोटारसायकलवरून दारात हजर. "काका, बागेत भुरी आली आणि बोलला नाहीत?"

भुरी म्हणजे मोहोरावरची पांढरी बुरशी, पीठ भुरभुरल्यासारखी दिसते. माझा फोटो बघून हा शहाणा धावत आला होता! मला हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत. "चला वर, दाखवतो," म्हणाले आणि एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर, असे कण्हत कण्हत घरामागचा सडा, तो कातळाचा उंच माळ, चढले.

बागेत मी व्याख्यानच दिलं. डोळ्याला न दिसणारा प्रकाश काय, पानं तो परत कसा फेकतात काय! व्यापारी मोबाइलमधलं पांढरं झाड आणि समोरचं हिरवंगार झाड आळीपाळीने बघत राहिला.

"म्हणजे फोटो खोटा," तो म्हणाला.

अडाणी मेला, मी मनात म्हटलं.

त्याने खालची फांदी ओढली, मोहोरावर अंगठा घासला. अंगठा पांढरा झाला. दुसरी फांदी, तिसरी. तेच.

"आठ-दहा दिवसांची आहे. तेव्हाच गंधक मारलं असतं तर वाचला असता मोहोर. कोणी बघितलंच नाही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कोण बघणार?" ते म्हणाले. "माझा पाय हा असा. महिनाभर इकडे कोणी फिरकलेलंच नाही."

व्यापाऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर त्याच मोहोरलेल्या कलमाचा मी काढलेला फोटो अजून उघडा होता. त्याने तो पाहिला, मोबाइल खिशात घातला, "यंदा राहू दे, काका," म्हणाला आणि उतरायला लागला. मघापासून एवढा बडबडणारा मी, आता काकांपुढे नुसता खांदा केला.