पलंगाखालची गाडी

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांचा मेकॅनिकवर काडीचा विश्वास नव्हता. नवा पार्ट बसवला की जुना ते हटकून मागून घ्यायचे. न बदलताच पैसे उकळले तर काय घ्या? घरी पलंगाखाली ढीग साचला होता. बायको म्हणायची, "खाली अख्खी गाडी झालीय. आता फक्त पेट्रोल भरा!"

परवा गाडी पुन्हा भर रस्त्यात बंद पडली. मेकॅनिक म्हणाला, "मास्तर, पेट्रोलचा पंप गेला. या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत. गेल्या वर्षी काढलेला असेल ना घरी? आणा, बघू काही जमतं का."

दिवसभर शिकाऊंवर ओरडून मास्तरांचा घसा बसला होता. तशातच ते घरी गेले, पलंगाखाली आडवे होऊन पंप शोधला आणि घेऊन आले. मेकॅनिकनं तो बसवून चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

"बघा! एकदम ठणठणीत!"

"मग गेल्या वर्षी काढलास कशाला?"

मेकॅनिक एकाएकी फडक्यानं हात पुसायला लागला.

भांडायचंही त्राण मास्तरांत उरलं नव्हतं. त्यांनी नुकताच काढलेला पंप उचलून पिशवीत टाकला. न जाणो, हाही चालूच असायचा.