शेठचं नाक

शेठनं करंडीत नाक घातलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं.

“बेन, आ शुं छे? चिकू की सुकी मच्छी?”

मी वाकून वास घेतला. मला चिकूचा वास आला, थोडा गवताचा. बाकी काही नाही. चिकू भरणाऱ्या हिरूला बोलावलं. तिनं पण हुंगलं. “चांगला तर आहे गो,” म्हणाली.

मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, त्याच्या आसपासची ही गोष्ट. डहाणूजवळच्या एका चिकूच्या वाडीत मी पॅकिंगची मुकादम होते. वाडीचे मालक पारशी. आम्ही सगळे त्यांना बावाजी म्हणायचो. त्यांनी बाईला मुकादम केलं म्हणून आजूबाजूचे वाडीवाले हसले होते. माझ्या हाताखालच्या बायका बहुतेक वाढवणच्या, म्हणजे माझ्याच गावच्या. घरी होडी, जाळी, मासळी सुकवणं. मासळी कमी लागली की त्या वाडीवर यायच्या. शेठ अहमदाबादचे व्यापारी. आमचा सगळा सीझनचा माल तेच घ्यायचे. त्या दिवशी पहिली पाठवणी होती. संध्याकाळी डहाणू रोड स्टेशनात वॅगन लागणार होती, म्हणून ते मुद्दाम बघायला आले होते.

चिकूचं काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. तसं नाही. चिकू झाडावरून कच्चाच उतरवतात. अंगावरचा तपकिरी भुगा चोळून धुवायचा. सावलीत सुकवायचा. लहान-मोठा वेगळा करायचा, त्याला ग्रेडिंग म्हणतात. मग बांबूच्या करंडीत खाली वाळलं गवत, वर चिकू, पुन्हा गवत. दिवसभर उकिडवं बसून कंबर मोडते. वाटेत गाडीतच चिकू पिकतो आणि पिकताना शेजारचा वास धरतो. म्हणून करंडी कोरी लागते.

बावाजींनी त्या वर्षी करंड्या स्वस्तात आणल्या होत्या. कुठून, ते मी विचारलं नव्हतं. आता विचारलं.

“बंदरावरून,” बावाजी म्हणाले. “धुऊन घेतल्या ना! मला तर काय वास येत नाय.”

बंदरावरच्या करंड्या म्हणजे सुक्या बोंबलाच्या. आम्ही जन्मापासून त्या वासात वाढलेल्या. बावाजींना बोंबलाशिवाय जेवण गोड लागत नसे. वाडीतल्या एकाही नाकाला काही कळलं नव्हतं. कळणार कसं?

शेठनं उपरणं झटकलं. “माझा गिऱ्हाईक कांदा पण खात नाय. आ माल मी घेणार नाय. घोलवडला दुसरी वाडी छे. आख्खा सीझन माल तिकडून घेतो.”

हिरू रडायला लागली. तिच्या घरची होडी फुटलेली होती, वाडीचं काम गेलं तर चूल कशावर पेटणार? मागून कोणीतरी म्हणालं, “बाईच्या हातात कारभार दिला की असंच व्हायचं.” कोण ते मी वळून बघितलं नाही. वेळ नव्हता.

“शेठ,” मी म्हटलं, “वॅगन संध्याकाळी आहे. आत्ता सकाळ आहे. माल पुन्हा धुते, नव्या करंडीत भरते. तुम्हाला वास आला तर घोलवडला जा, मी स्वतः टांगा आणून देते.”

“नवी करंडी कुठून आणणार?”

“कैनाडला बांबूकाम करणाऱ्यांकडे तयार असतात. बावाजी, बैलगाडी पाठवा. आणि घासाघीस करू नका.”

बावाजींनी निमूट गाडी पाठवली.

मी सगळ्या करंड्या उलट्या केल्या. गवत जाळलं. चिकू पुन्हा पाण्यात टाकले. बायकांची तोंडं उतरलेली. काल केलेलं काम आज परत करायचं म्हणजे हात जड होतात. मी हिरूला म्हटलं, “रड, पण चिकू चोळत रड. तुझं पाणी पण कामाला येईल.” ती रागावली, मग हसली. मग सगळ्याच बावाजींच्या स्वस्ताईवर बोलायला लागल्या.

“बावाजींनी नवरदेवाचा घोडा पण बंदरावरून आणला असता!”

“आणि सुकवून!”

बावाजी झाडामागे उभे होते. ऐकलं त्यांनी.

दुपारी गाडी आली. करंड्या हिरव्यागार, करकरीत. आम्ही घाईघाईनं दोन घास खाल्ले आणि भरायला बसलो. पहिली करंडी भरून शेठपुढे ठेवली. शेठनं हुंगलं. मान हलवली.

“अजून आहे.”

करंडी नवी, गवत नवं, चिकू धुतलेला. मग वास कुठला? मी बायकांकडे बघितलं. हिरूच्या मांडीजवळ फडकं पडलेलं होतं. त्यात भाकरीचा तुकडा आणि बोंबलाची चटणी.

“अगो, हात!”

जेवून सगळ्यांनी नुसते पाण्यानं हात धुतले होते. मी पण. मग राख आणली, लिंबं कापली. कोपरापर्यंत घासायला लावलं. पण झालं का नाही, हे आमच्या नाकाला कसं समजणार? मी खोकं उलटं करून शेठना त्यावर बसवलं.

“शेठ, आता इथलं खरं नाक तुमचंच. तुम्ही पास करा, मगच बाई करंडीला हात लावेल.”

“मी? बायकांचे हात हुंगू?”

“लांबून हुंगा,” हिरू म्हणाली. “अहमदाबादला कोणी सांगायला जात नाही.”

बायका खिदळल्या. शेठ लाजले. पण बसले. शाळेत नखं दाखवायला उभं राहावं तशा बायका रांगेत उभ्या राहिल्या. शेठ नाक पुढं करायचे आणि म्हणायचे, “बराबर... बराबर... ना बेन, परत.” परत म्हटलं की ती बाई पुन्हा राखेकडे. हिरूला सगळ्यांत जास्त वेळा परत पाठवलं. ते त्या अहमदाबादच्या टोमण्यामुळे असणार. नंतर एकेक करंडी पण त्यांच्याच पुढून गेली. अर्ध्या कामात शेठ स्वतःच गवत सारखं करायला लागले. “असं नाय, असं दाबून,” म्हणून मला शिकवत होते. मी शिकून घेतलं. वाद घालायला ती वेळ नव्हती.

वॅगनचं दार लावायच्या आधी शेवटची करंडी चढली. शेठ घोलवडला गेले नाहीत. सीझनभर माल आमचाच गेला आणि हिरूची होडी पुढे दुरुस्त झाली. बावाजींनी स्टेशनजवळच्या एका शाकाहारी मास्तरीणबाईंना लोडिंगच्या दिवशी वाडीत बोलवायला सुरुवात केली. त्या यायच्या, हुंगायच्या, पदरात चिकू घेऊन जायच्या. वाडीतलं सगळ्यात आरामाचं काम तेच होतं.

पुढे मी बरीच वर्षं मुकादमकी केली. माल नासला, वॅगन चुकली, असं होतच राहिलं. नव्या बायका घाबरायच्या. मी त्यांना घाबरू नका असं कधी सांगितलं नाही, त्याचा उपयोग नसतो. घाबरायचं तर घाबरा, फक्त हात चालू ठेवा.