अप्पांची अर्धी गोळी

आमच्या कुत्र्याचं नाव इथं सांगत नाही. ते आमच्याच एका हयात पाहुण्याचं नाव आहे आणि अप्पांनी ते मुद्दाम ठेवलं होतं. सकाळी दारात उभं राहून त्या नावानं हाक मारायची, "ए, गप बस खाली" म्हणून दटावायचं आणि दिवस मजेत घालवायचा, हा माझ्या वडिलांचा अडत दुकान सोडल्यानंतरचा एकमेव छंद. आई गेल्यापासून लातूरच्या घरात हे दोघंच. मी नांदेडला, नोकरी आणि संसाराच्या दावणीला बांधलेली. संध्याकाळी फोन केला की अप्पा आधी कुत्र्याची खुशाली सांगायचे. स्वतःची विचारावी लागायची.

लिंगायताच्या घरात राहतो म्हणून कुत्राही लिंगायत. सकाळची पूजा झाली की उरलेली विभूती त्याच्या कपाळावर. जवारीची भाकर दुधात कुस्करून जेवण, आणि सोमवारी उपवास. चेष्टा नाही, खरंच उपवास. अप्पांचा सोमवार, म्हणून त्याचाही सोमवार. दोघं मिळून दिवसभर केळी खायची. कुत्र्याला कुणी विचारलं नव्हतं हे खरं, पण त्या घरात तसं आम्हालाही कधी कुणी विचारलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता हे महाराज गल्लीतल्या दुसऱ्या एका गुंडाशी भांडून मागचा पाय फोडून घेऊन आले. जखम चिघळली, पू झाला. आता लातूर म्हणजे डॉक्टर घडवायचं गाव. दर दुसऱ्या खोलीत कुणाचं तरी लेकरू डॉक्टर व्हायला घोकत बसलेलं. जिथं शिकून होणारे एवढे, तिथं न शिकता झालेले किती असतील याचा हिशेबच नको. शेजारच्या काकू तर तयारच होत्या. त्यांची दाढ काढली तेव्हाच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या घेऊन आल्या.

"ह्या द्या अप्पा. लई पावरफुल हायत. माझी दाढ गपगार झाली."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे आम्ही शाळेत म्हण म्हणून शिकलो. आमच्या गल्लीत तो इलाज आहे.

त्यातही अप्पांची स्वतःची पद्धत होती. मुकं जनावर, त्याला अख्खी गोळी कशी झेपेल? म्हणून अर्धी. गोळी गरम पडते, म्हणून ती वाटीभर दुधातून. सोमवारी उपवास, म्हणून त्या दिवशी गोळीलाही सुट्टी. आणि जखमेवर खपली दिसली रे दिसली की औषध बंद. "बरं झालं की. आता कशाला पोटात इख घालायचं?" उरलेल्या गोळ्या स्टीलच्या डब्यात, पुढच्या गरजवंतासाठी. गरज सरो, वैद्य मरो, पण वैद्याच्या गोळ्या मात्र डब्यात जिवंत राहोत.

पाय पुन्हा सुजला. अप्पा मेडिकलवर गेले आणि म्हणाले, "मागची काही कामाची न्हाई, जरा दमदार दे." मेडिकलवाला देवमाणूस. त्यानं ना कुत्रा पाहिला ना पाय, पण गोळी दमदार दिली. तीही अर्धी, दुधातून, सोमवार वगळून, खपली धरेपर्यंत. मग आणखी दमदार. फोनवर मला रोज एकच उत्तर, "हाव, उतार पडून राहिलाय." मी म्हणायची, अप्पा, जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. ते म्हणायचे, "तुला नांदेडात बसून काय दिसून राहिलंय?"

दिवाळीला गेले तेव्हा मला काही दिसायची गरजच पडली नाही. फाटकातच वास आला. एरवी माझ्या अंगावर झेप घेऊन साडीची वाट लावणारा तो प्राणी कोपऱ्यातून नुसती शेपटी हलवत होता. अप्पा शेजारी बसून त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकत होते, आणि कमी झालंय म्हणत होते.

मी त्याला उचलून गाडीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. अप्पाही आले, बळजबरीनं. बाईंनी आधी काय काय औषध दिलं ते विचारलं. अप्पांनी ते अशा थाटात सांगितलं की जणू सत्काराला उत्तर देत आहेत. दाढेच्या गोळीपासून सगळं. दुधाचं ऐकून बाईंनी डोक्याला हात लावला.

"अहो अप्पा, तुम्ही जी सांगताय ती गोळी दुधात निम्मी वाया जाते. तुम्ही दिली अर्धी, त्यातली लागली पाव."

"गरम पडू नये म्हणून," अप्पा म्हणाले.

पू तपासणीला उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात गेला. काही दिवसांनी बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं की ह्या जखमेतल्या जंतूंवर नेहमीचं एकही औषध चालत नाही. एक इंजेक्शन तेवढं चालेल असं दिसतंय. सकाळ-संध्याकाळ, त्या थांबा म्हणेपर्यंत, एकही खाडा न करता. संसर्ग हाडाला पोचत आलाय; हे अर्धवट सुटलं तर पुढं त्यांच्याकडेही औषध नाही.

"असं कसं? आधी तर खपली धरायची," अप्पा म्हणाले.

बाई शेतकऱ्याघरच्या असाव्यात. त्या म्हणाल्या, "अप्पा, तुम्ही आयुष्यभर माल पाहिलाय. पेरणीला बी कसं धरतात? किडकं, पोचट बाजूला काढायचं, दणकट ठेवायचं. तुम्ही तेच केलंत. दर वेळी थोडं औषध देऊन कमजोर जंतू मारले आणि दणकट तेवढे बियाण्याला ठेवले. आता पीक जोरदार आलंय."

अप्पांनी पहिल्यांदा मान डोलावली. त्यांना माल कळतो.

इंजेक्शनं सुरू झाली. दवाखान्यातला कंपाउंडर दोन्ही वेळा घरी यायचा. सोमवार आला तेव्हा मी कंबर कसून बसले होते, पण अप्पाच म्हणाले, "इंजेक्शन पोटात थोडंच जातंय? चालतंय उपवासाला." शास्त्रार्थ असा हवा. सूज उतरली. कुत्रा चार पायांवर उभा राहिला आणि माझी सुट्टी संपली. निघताना मी अप्पांना देवापुढे उभं करून वदवून घेतलं: बाई सांगतील तोवर चालू ठेवायचं.

फोनवर रोज विचारायची, "दिलं का?"

"हाव, दिलं."

"आजचं?"

"दिलं म्हणलं की माय. किती छळशील?"

आणि एका दुपारी फोन त्यांचाच आला. दुपारी अप्पा कधी फोन करत नाहीत. "तू येतीस का?" एवढंच म्हणाले. काय झालं ते न विचारता मी लातूरची गाडी धरली.

कंपाउंडरला अप्पांनी केव्हाच येऊ नको म्हणून सांगितलं होतं. फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीजवळ, इंजेक्शनच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. जपून ठेवलेल्या. मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले. अर्ध्या हळकुंडानं पिवळे होणारी माणसं तुम्ही, म्हणाले. खोटं का बोललात, म्हणाले. बापाला बोलू नये ते सगळं बोलले.

अप्पा म्हणाले, "सुई दिसली की माझ्या मागं लपायचा. थरथर कापायचा गं. पळायला लागला होता चांगला. मला न्हाई बघवलं."

क्रूर माणूस असता तर भांडणं सोपं गेलं असतं. डॉक्टरीण बाईंनी पाहिलं आणि मान हलवली. विष रक्तात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, अप्पांच्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला. कपाळावर सकाळची विभूती तशीच होती. आमच्यात पुरताना बसवतात. अप्पांनी त्यालाही शेतात बसवूनच पुरलं. गल्लीतली माणसं भेटायला आली. काकू म्हणाल्या, "हल्ली औषधातच दम राह्यला न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आत जाऊन चहा ठेवला, नाहीतर काकूंची उरलेली दाढही गपगार झाली असती.

थंडीत अप्पांना छातीचा खोकला झाला. मी पुन्हा लातूरला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन-तीन दिवसांत ताप गेला, खोकला बसला, आणि नेमका सोमवार उजाडला. मी स्वयंपाकघरात होते. अप्पांनी पाकिटातून गोळी काढली तेव्हा मी दारामागून बघत राहिले. आता अर्धी करतील, दूध मागतील, नाहीतर डबा उघडतील. भांडणाचं पहिलं वाक्य माझ्या ओठावर तयार होतं.

त्यांनी तांब्यातलं पाणी घेतलं. अख्खी गोळी जिभेवर ठेवली, गिळली. मग ओसरीच्या कोपऱ्यात अजून तशीच पडलेल्या कुत्र्याच्या साखळीकडे वळून तोंडाचा आ केला, लहान लेकरू दाखवतं तसा.

"घेतली बघ," म्हणाले. "पुरी घेतली."