पायांवरची एक अंघोळ

माझ्या लेकीला सातवा महिना लागलाय. ती पुण्यात असते. तिथल्या कुठल्याशा पार्लरात गरोदर बायकांना मालिश करून देतात म्हणे, मंद दिवे आणि बासरीसकट. "करून घेऊ का गं?" असं तिनं फोनवर विचारलं आणि मी धडाधड सांगत सुटले. आधी तुझ्या डॉक्टरला विचार. उताणी झोपू नकोस, डाव्या कुशीवर हो. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घे, पोटाखाली छोटी घडी दे. पोट दाबू द्यायचं नाही. पाय खालून वर, तळहातानं, हलकेच. कंबर दोन्ही बाजूंनी, मणक्यावर जोर नको. जेवल्या जेवल्या नको. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, तर कुणाला बोटसुद्धा लावू देऊ नकोस, सरळ दवाखाना गाठ.

"आई, तुला एवढं सगळं कसं माहीत?"

"बायोलॉजी शिकवत होते ना मी," मी म्हणाले.

हे वाक्य मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ही लेक माझ्या पोटात होती. तेव्हाही ते खोटंच होतं.

भूकंपाला दोन वर्षं होत आली होती. लातुरात त्या दिवसांत बाहेरगावची दोन तऱ्हेची माणसं उतरायची. एक, पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन क्लासला आलेली पोरं, मागे त्यांचे आईबाप. दुसरी, कामाच्या शोधात आलेली उजाड गावांमधली माणसं. आमच्या घराला दोन्ही लागत. नवरा क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा, मी बायोलॉजी, आणि सासूबाईंनी वरच्या दोन खोल्यांत देवणी-चाकूरकडची आठ पोरं ठेवून घेतली होती. पोरांना त्या 'डॉक्टर' म्हणून हाक मारत. कामाला येणाऱ्या बाईबद्दल मात्र पहिला प्रश्न ठरलेला: "भूकंपवाली हाय का?" भूकंपवाली असली की वाटेल ते बोलून घेता यायचं, ती उलटून बोलायची नाही.

मला पाचवा महिना होता आणि कंबर धरली होती, तेव्हा ही बाई आली. पन्नाशीची, बुटकी, कपाळ मोकळं, आणि त्या अंगाला न शोभणारे मोठे हात. गावाकडं ती बाळंतपणं करायची, आता शहराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. मी तिला मावशी म्हणू लागले. कामाला हात लावायच्या आधीच तिनं स्वतःची कथा सांगून टाकली. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळून घोर लागायला नको, म्हणाली. तिची लेक पहिलटकरीण, आठव्या महिन्यात माहेरी आलेली. भूकंपाच्या रात्री मावशी शेजारच्या गावात एका बाईला सोडवायला गेली होती. तिथं बाळ सुखरूप झालं. सकाळी ती चालत परत आली तर घर नव्हतं, आणि लेक त्याच्याखाली होती.

"तवापासून बाया मला मालिशीला बोलावतेत," ती म्हणाली, "पन लेकरू कुनी हातात देत न्हाई. तुम्ही काय द्यायचं ते द्या. माझी एकच अट हाय. लेकराला एक अंघोळ माझ्या पायांवर घालू द्या. एकच."

सासूबाईंनी तिच्या पाठीमागून माझ्याकडे बघून डोळे वटारले. मी मात्र म्हणाले, "देईन की मावशी. एक काय, दहा घाला." माझी कंबर दुखत होती. त्या वेळी तिनं घर मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

हाताला गुण होता बाईच्या. करडईचं तेल कोमट करून ती आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघायची. मला डाव्या कुशीवर निजवायची, गुडघ्यांत जुनी वाकळ घडी करून द्यायची, आणि कमरेवर तळहात ठेवून नुसती थांबायची. मग हात चालू व्हायचा. पोटाकडे कधी वळायची नाही. सासूबाई म्हणायच्या, "पोट जरा चोळून बघ की, पोरगं हाय का पोरगी ते तरी कळंल." ती म्हणायची, "आक्का, पोटाला पोटाचं काम करू द्या." दर थोड्या वेळानं मला विचारायची, "बरं वाटालंय का माय?" वर पोरं मोठमोठ्यानं फॉर्म्युले घोकत असायची आणि खाली मी अर्धवट झोपेत असायची. त्या तीन महिन्यांइतकं सुख माझ्या अंगाला आधीही नाही मिळालं आणि नंतरही नाही.

त्याची परतफेड मी शहाणपणा शिकवून करायची. रगत वर चढायला पायजे, म्हणून खालून वर हात फिरवायचा, असं ती म्हणाली की मी शिरांमधल्या झडपा समजावून सांगायची, वर्गात सांगते तशा. ती ऐकून घ्यायची. "व्हय माय, तसंच असंल," म्हणायची आणि हात फिरवत राहायची.

आठव्या महिन्यात मी डोहाळजेवणाला नांदेडला, माहेरी गेले. एसटीनं जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस, पाय लोंबकळत. परत आले आणि डावी पोटरी दुखायला लागली. प्रवासानं आखडली असणार, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी मावशी आली. तिनं पायाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मग हाताची मागची बाजू आधी एका पोटरीला लावली, मग दुसऱ्या. कनवटीची दोरी काढली, उजव्या पोटरीला गुंडाळून तिथं तोडली. डाव्या पोटरीला तेवढाच तुकडा लावला तर दोन बोटं कमी पडला.

"मी ह्या पायाला हात लावनार न्हाई," ती म्हणाली. "आन कुनाला लावू पन देऊ नका. आत्ता दवाखान्यात न्या हिला."

सासूबाई भडकल्या. "चोळायचं सोडून दोऱ्या मोजती का? आठवा महिना हाय, पाय सुजनारच. जोरात रगड, मोकळा हुईल."

"दोन्ही सुजले असते तर मी बोलले नसते आक्का. एकच सुजलाय. लई गरम हाय. ह्याच्यात जिवाला धोका असतोय."

जिवाला धोका. ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. भरल्या घरात, आठव्या महिन्यात, ही बाई अभद्र बोलते. मी घाबरले होते हे खरं, पण घाबरलेलं माणूस गप्पही बसू शकतं. मी बसले नाही. मी म्हणाले, "एवढं कळतं तर स्वतःच्या लेकीच्या वेळी कुठं गेलं होतं हे शहाणपण? तुमची गेली म्हणून माझंही वाईट चिंतताय का?"

हे मी बोलले. सासूबाई नाही, मी.

मावशीनं तेलाच्या बाटलीला बूच लावलं. "लेकीचे पाय बघायलाच मिळाले न्हाईत माय," ती म्हणाली. "हातच तेवढा वर निघाला." मग पदरानं माझ्या पायावरचं तेलाचं बोट पुसलं, दाब न देता. "तू दवाखान्यात जा," म्हणाली आणि गेली.

ती गेल्यावर सासूबाई स्वतः तेल घेऊन बसल्या. त्यांनी माझा पाय मांडीवर ओढला, आणि मी तो काढून घेतला. दोरीचा तो तुकडा फरशीवर पडला होता. मी तो उचलून पुन्हा दोन्ही पोटऱ्यांना लावून बघितला. दोन बोटं. नवरा दोन बॅचच्या मध्ये जेवायला आला तेव्हा मी चपला घालून बसले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघितला आणि पहिला प्रश्न केला, "चोळला नाहीत ना?" शिरेत रक्ताची गुठळी होती. चोळली असती तर सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती, मग कुणाच्या हातात काही राहिलं नसतं. रोज पोटात इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "चोळू नये हे तुम्हाला कुणी सांगितलं? लोक हमखास चोळतात."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला मी सगळं सांगितलं होतं, म्हणजे माझं ते वाक्य सोडून सगळं. मी म्हणाले, "मी बायोलॉजी शिकवते." डॉक्टरांनी कौतुकानं मान हलवली, आणि मला ते आवडलं. सासूबाईंनी सगळं श्रेय माहूरच्या रेणुकेला दिलं आणि खणानारळानं ओटी भरायला जायचं कबूल केलं. मावशीला निरोप कुणीच पाठवला नाही.

लेक झाली, चांगली ठणठणीत. बारशाच्या सकाळी नणंदा, जावा, भावकीच्या बायका जमल्या होत्या. मावशीला गल्लीतल्या कुणाकडून तरी कळलं असावं. मागच्या दारानं आली. हातात एक झबलं होतं. मला देताना आपणहून म्हणाली, "नवं कापड हाय माय. कुनाचं न्हाई." मग म्हणाली, "तू बोल्ली होतीस एक अंघोळ."

तिनं पायाचं नावही काढलं नाही, आणि मी जे बोलले होते त्याचंही नाही. चुलीवरचं पाणी बादलीत काढलं, मनगट बुडवून बघितलं. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. मोरीत पाट मांडला, लुगडं गुडघ्यावर घेतलं, दोन्ही पाय लांब करून जुळवले आणि त्यांना तेल लावलं. मग माझ्याकडे बघून हात पुढे केले. "आन."

लेक माझ्या हातांत होती. दारात नणंद आणि तिच्यामागे चार बायका उभ्या होत्या, सगळ्या माझ्याकडे बघत. मला भीती वाटली असं लिहिलं तर सोपं जाईल, आणि थोडी वाटलीही. मी वर्गात झडपा शिकवणारी बाई, आणि त्या हातांकडे बघून मला मातीतून वर आलेला तिच्या लेकीचा हात दिसला. पण त्याहून जास्त मला त्या बायकांची लाज वाटली. ज्या बाईमुळे मी आणि लेक जिवंत होतो, तिच्या पायांवर लेक ठेवली तर भावकीत काय बोलतील, याची.

"आत्ताच झोपलीय मावशी," मी म्हणाले.

लेक टक्क जागी होती. मूठ तोंडात घालून चोखत होती, आणि मावशीकडेच बघत होती.

मावशीनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात खाली घेतले. पाय मात्र तसेच लांब होते, तेल लावलेले, जुळवलेले. मग ती म्हणाली, "तू ये हिकडं." मी गेले. तिनं माझी साडी घोट्यापासून थोडी वर केली, हाताची मागची बाजू डाव्या पोटरीला लावली, मग उजव्या. "उतरली," म्हणाली. मग बादलीतलं पाणी स्वतःच्या पायांवर घेऊन तेल धुतलं, पाट भिंतीला उभा केला आणि मागच्या दारानं गेली.

तासाभरानं सासूबाईंनी मोरी धुऊन घेतली. मग दुसरी बाई आली, त्याच पाटावर बसली, आणि मी लेक तिच्या पायांवर ठेवली.